अक्षरबिक्षर गेलं उडत

परवा एका साहित्यिक बैठकीला गेलो होतो. पंख्याखाली चहा-बिस्किटावर वाद चाललेला : कादंबरी हातानं लिहावी की कॉम्प्युटरवर? एक गृहस्थ म्हणाले, हातानं लिहिलं की शब्द काळजातून उतरतो, मशीनवर आत्मा मरतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्मा तर बुद्धानं अडीच हजार वर्षांपूर्वीच निकालात काढला, पण ते राहू द्या. मी गोदीतली पाळी संपवून तसाच गेलो होतो. हात पुढं केला. म्हटलं, दिवसभर गोणी उचलून ही बोटं मिटत नाहीत. ह्यातून काय उतरतंय बोला.

कुणी बोललं नाही.

दोस्तांनो, हा वाद ज्याच्याकडं टेबल आहे त्याचा. आपली दहा बाय दहाची खोली, सहा माणसं, एक बल्ब. मी पण वहीतच लिहीत होतो. दोन वर्षं, एकशेचाळीस पानं. बापाची गोदी, आईचं नळावरचं भांडण, मुकादमाच्या शिव्या, सगळं. एका रात्री पावसात पत्रा गळला. सकाळी वहीचा लगदा. माझंच नाव मला वाचता येईना. काळजातून उतरलेलं सगळं गटारात गेलं. त्या गृहस्थांची वही भिजत नाही, कारण त्यांचं छप्पर गळत नाही. एवढाच फरक.

एकच प्रत असणं म्हणजे काय ते आपल्याला कळायला पाहिजे. १९५६ साली बाबासाहेब गेले. त्यांचे न छापलेले कागद वर्षानुवर्षं पेट्यांत पडून राहिले. शासनानं खंड काढायला सुरुवात केली १९७९ ला, आणि ‘रिडल्स’ छापून आलं १९८७ ला. त्या पेट्यांना आग लागली असती, वाळवी लागली असती, तर?

हातानं लिहिणं मी हलकं मानत नाही. ज्यांना अक्षराला शिवू दिलं नाही त्यांच्या पोरानं वही भरली, ही साधी गोष्ट नव्हे. पण मशीन बाटवतं म्हणणाऱ्यांनी ऐकावं : साठच्या दशकात काही लघुअनियतकालिकं सायक्लोस्टाईलवर निघाली. प्रस्थापितांनी दार लावलं तेव्हा पोरांनी मशीन फिरवलं.

माझा आजा सावकाराच्या कागदावर अंगठा द्यायचा. एकलव्याचा तर कापूनच घेतला. आता मी त्याच अंगठ्यानं फोनवर कादंबरी लिहितो. जेवणाच्या सुट्टीत, धक्क्यावर, गोण्यांना टेकून. फोन म्हणजे पण कॉम्प्युटरच, खिशात मावणारा.

पण मशीनलाही डोक्यावर घेऊन नाचू नका. मी ‘व्हता’ लिहितो, ते ‘होता’ सुचवतं. मी ‘पानी’ लिहितो, ते ‘पाणी’ करून मोकळं. म्हणजे शाळेतला मास्तर मशीनमध्ये पण बसलाच आहे. माझी आई ‘पानी’ म्हणते, तिच्या तोंडचं पानी मी बदलणार नाही. पुन्हा पुन्हा खोडून ‘पानी’च लिहितो. डीटीपीवाल्याकडं वही टाकून निघून आलात, तर तो पण तुम्हाला शुद्ध करून देईल. म्हणून टाइप स्वतः करा. युनिकोडमध्ये करा. जुन्या फॉन्टात केलेलं दुसऱ्या मशीनवर उघडलं की किडेमुंग्या दिसतात. युनिकोडात देवनागरी १९९१ पासून आहे, आपल्याला कुणी सांगितलं नाही इतकंच.

वही ठेवा. राग ताजा असतो तेव्हा जे हाताला लागेल त्यानं लिहा, पेन्सिलीनं लिहा, बिडीच्या पाकिटावर लिहा. पण त्याच रात्री त्याचा फोटो काढा, टाइप करा, तीन दोस्तांना पाठवा. एक प्रत पावसात जाईल, एक पोलीस नेतील, एक राहील.

मी पुन्हा सुरुवात केलीय. सव्वीस पानं झालीत, चार ठिकाणी ठेवलीत. ह्या खेपेला पाऊस काय करतो, बघतोच.