उभ्या गाडीतील वास

लग्नकार्याच्या गर्दीत, दुकानासमोर मालाची वाट पाहताना किंवा टोलनाक्याच्या रांगेत मोटार बराच वेळ इंजिन चालू ठेवून उभी असते. काचा बंद, एसी सुरू आणि मागच्या सीटवर वृद्धांचा व मुलांचा डोळा लागलेला. अशा वेळी आत एखादा अनोळखी वास जाणवला, तर सुगंधाची कुपी टांगून तो झाकणे म्हणजे दुखण्यावर पांघरूण घालणे होय.

धावत्या गाडीभोवतीचा वारा धूर व वाफा मागे लोटून देतो. गाडी उभी राहिली की त्या बॉनेटखाली साचतात. बाहेरची हवा आत ओढणारी जाळी बहुधा समोरच्या काचेच्या पायथ्याशीच असते, म्हणून त्या तेथून आत शिरतात. शेजारी उभ्या असलेल्या ट्रकचा धूरही याच वाटेने येतो. त्यामुळे प्रथम गाडी थोडी पुढे नेऊन पाहावे. त्यानंतर बाहेरची हवा बंद करून आतलीच हवा फिरती ठेवावी. वास ओसरला तर त्याचा उगम बहुधा बाहेर असतो. तसाच राहिला तर तो आत शोधावा.

आता वासाची जात ओळखावी. गोडसर वास आणि काचेला आतून चिकट धुके, ही इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या गळतीची खूण होय. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. करपलेल्या तेलाचा वास बहुधा झिजलेल्या गॅस्केटमधून ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर ठिबकल्याने येतो. एसी लावताच कुबट वास आला, तर आतील कुलिंग कॉइलवर बुरशी धरली आहे किंवा पाणी जाण्याची नळी तुंबली आहे असे समजावे. सडक्या अंड्यासारखा वास सायलेन्सरच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा किंवा प्रमाणाबाहेर चार्ज होणाऱ्या बॅटरीचा असू शकतो.

तीन वासांच्या बाबतीत मात्र निदानात वेळ दवडू नये. कच्च्या पेट्रोलचा वास, जळक्या प्लॅस्टिकचा वास आणि सीएनजी गाडीतील उग्र वास. सीएनजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात दुर्गंधी द्रव्य मिसळलेले असते. अशा वेळी इंजिन त्वरित बंद करावे, सर्वांना खाली उतरवून दूर न्यावे आणि जवळपास काडी वा लायटर पेटवू नये. सीएनजीच्या टाकीची दर ३ वर्षांनी होणारी चाचणी टाळणे ही काटकसर नव्हे.

सर्वांत घातक वायूला मात्र वासच नाही. एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असून रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. धुराचा वास आला, तर त्याच्यासोबत हा वायूही आला असे धरून चालावे. वास नाही म्हणून तो नाही, असे मात्र मानू नये. गाडीतील एकाहून अधिक जणांचे डोके दुखू लागले, मळमळले किंवा गुंगी आली, तर तो प्रवासाचा शीण समजू नये. सर्वांना मोकळ्या हवेत आणून डॉक्टरांना गाठावे. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. कापडाचे गठ्ठे वा खोकी नेताना डिकीचे झाकण अर्धवट उघडे ठेवण्याची व्यापाऱ्यांची सवयही धोक्याची आहे. मागचा धूर त्या फटीतून थेट आत ओढला जातो.

गॅरेजमध्ये ‘वास येतो’ एवढेच सांगितल्याने अर्धा दिवस शोधण्यात जातो. वास कसा, इंजिन गार असताना की तापल्यावर, एसी चालू की बंद आणि उभ्या गाडीतच की धावतानाही, या चार गोष्टी टिपून नेल्या, तर वेळ व पैसा दोन्ही वाचतात. घरची माणसे गाडीत बसवून उतरलेल्याने दोन मिनिटांचे काम असले तरी इंजिन बंद करून काच खाली घ्यावी; थोडा उकाडा सोसता येतो.