वाळवंटातील पाळणे

वाळवंट म्हणजे ओसाड जागा, असा आपला एक समज आहे. चैत्र-वैशाखात नदीच्या पात्रात उतरणाऱ्याचा तो समज फार वेळ टिकत नाही. पाणी ओसरून उघड्या पडलेल्या वाळूच्या बेटांवर त्या दिवसांत नदी सुरय, आर्ली, टिटवी आदी पक्षी अंडी घालतात. घरटे म्हणजे वाळूत उकरलेला एक उथळ खळगा, आणि अंड्यांचा रंगही वाळूसारखा. भर दुपारी अंडी करपू नयेत म्हणून सुरय आपल्या पोटाची पिसे पाण्यात भिजवून त्यांवर येऊन बसतो.

अक्कलकुव्याजवळील खापर गावास समुद्र नाही. तेव्हा किनाऱ्यावरील पक्ष्यांचा प्रश्न आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु या मुलखाच्या उत्तरेस नर्मदा आहे, दक्षिणेस तापी आहे. किनारे नद्यांनाही असतात. त्यांपैकी नर्मदेचे वाळवंट आपण गमावले आहे. सरदार सरोवराचे दरवाजे 2017 मध्ये मिटले, 2019 मध्ये पाणी 138.68 मीटरपर्यंत चढले, आणि मणिबेलीसारख्या गावांच्या जमिनींबरोबर नदीकाठची वाळूही बुडाली. माणसांच्या त्या दुःखापुढे पक्ष्यांची आठवण कोणास होणार? पण म्हणूनच जे उरले आहे त्याचा विचार आज करावयास हवा.

उरली आहे ती तापी. आणि वाळूची बेटे वाळूच्या व्यापाऱ्यासही हवी आहेत. पावसाळ्यात वाळूचा उपसा बंद ठेवण्याचा नियम आहे, पण पक्ष्यांची वीण असते उन्हाळ्यात. म्हणजे बंदीचे दिवस आणि विणीचे दिवस यांची गाठच पडत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित पक्ष्यांची अंडी फोडणे हे शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे. अंडी उचलणाऱ्या पोराला हा कायदा गाठू शकतो; शेकडो घरट्यांवरून जाणाऱ्या ट्रॅक्टरला मात्र तो दिसत नाही! नदी सुरय 2020 पासून जगाच्या असुरक्षित पक्ष्यांच्या यादीत गेला आहे, यात नवल ते काय?

वाळूवाचून घरे बांधली जात नाहीत, हे आम्ही जाणतो. गरिबाच्या घरकुलास पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची तरतूद योग्यच आहे. उपसा समूळ बंद करा, अशी आमची मागणी नाही. घाटांचा लिलाव करण्यापूर्वी महसूल व वन खात्यांनी मिळून पात्राची पाहणी करावी आणि ज्या बेटांवर वीण आहे ती मेअखेरपर्यंत सोडून द्यावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे. सारंगखेडा व प्रकाशा येथील बंधाऱ्यांतून पाणी सोडतानाही हे भान ठेवावे. कारण अवेळी चढलेले वीतभर पाणी सबंध वसाहत धुऊन नेते.

हे अशक्य नाही. चंबळ नदीवर 1979 मध्ये अभयारण्य झाले, आणि तेथे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने पाणचिऱ्यांच्या घरट्यांवर पहारा ठेवण्याचे काम नदीकाठच्या गावकऱ्यांकडेच सोपविले. आपल्याकडे तर 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस याहून मोठा अधिकार दिला आहे. तिच्या शिफारशीवाचून तेथे गौण खनिजाचा लिलाव होऊ नये, असे तो कायदा सांगतो. ही शिफारस केवळ अंगठे आणि सह्या गोळा करण्याचा उपचार राहिला, तर दोष कायद्याचा नव्हे. शिफारस देताना ‘अमुक बेट वगळून’ एवढे दोन शब्द ग्रामसभेने लिहविले, तरी पुष्कळ साधेल.

अंडी हिरावून नेणाऱ्या समुद्राला आटवावयास निघालेली टिटवी आपणांस लहानपणापासून ठाऊक आहे. गोष्टीतल्या टिटवीची दाद गरुडाने विष्णूपर्यंत नेली. तापीकाठच्या टिटवीची दाद निदान जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीपर्यंत तरी जावी, आणि तीही येत्या उन्हाळ्यापूर्वी!