इशारा सर्वांना, वाहन काहींना

निसर्गाचा कोप गरीब-श्रीमंत असा भेद करीत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वाऱ्यापुरते आणि पाण्यापुरते ते खरेही असेल. परंतु वादळाची वर्दी मिळाल्यापासून ते किनाऱ्यावर आदळेपर्यंत जे दोन-तीन दिवस हाती असतात, त्या दिवसांत समाजातील प्रत्येक भेद उघडा पडतो. कोण निघून जातो आणि कोण मागे राहतो, हे वारा ठरवीत नाही. ते ज्याच्या-त्याच्या मिळकतीने आधीच ठरलेले असते.

अटलांटिक महासागर आणि मेक्सिकोचे आखात येथील प्रचंड चक्रीवादळांना हरिकेन म्हणतात. जून ते नोव्हेंबर हा त्यांचा हंगाम. उपग्रह आणि टेहळणी विमाने यांच्या साहाय्याने त्यांचा मार्ग काही दिवस आधी वर्तविता येतो. वर्दी मिळताच अमेरिकेतील किनारपट्टीच्या रहिवाशांना तयारीची एक यादी ऐकविली जाते. खिडक्यांवर प्लायवुडच्या फळ्या ठोका, गाडीची टाकी भरून घ्या, माणशी रोज एक गॅलन याप्रमाणे पाणी साठवा, डबाबंद अन्न, औषधे, टॉर्चचे सेल आणि रोख रक्कम जवळ ठेवा, आणि आदेश निघताच किनारा सोडा. यादी शहाणपणाची आहे यात शंका नाही. परंतु तिच्यातील जवळजवळ प्रत्येक वस्तू विकत घ्यावी लागते. किनारा सोडणे हीदेखील एक खरेदीच होय. पेट्रोल, मोटेलचे भाडे, बाहेरचे जेवण आणि बुडालेला रोज अशी तिची किंमत असते.

ही किंमत न परवडणाऱ्यांचे काय होते, याचा दाखला ऑगस्ट २००५ मध्ये न्यू ऑर्लिन्सने दिला. शहराचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली. बांधांच्या आधाराने उभे असलेले हे शहर. तेथील दर चार कुटुंबांपैकी एकाहून अधिक कुटुंबांकडे स्वतःचे वाहन नव्हते, असे २००० सालच्या जनगणनेने नोंदविले होते. कॅटरिना वादळ रोखाने येत असता शनिवारी, २७ ऑगस्टला शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांच्या सर्व मार्गिका बाहेरच्या दिशेने खुल्या करण्यात आल्या. मोटारींसाठी ही व्यवस्था उत्तम चालली. शहरातील सुमारे ८० टक्के लोक बाहेर पडले. सक्तीच्या स्थलांतराचा आदेश मात्र रविवारी सकाळी निघाला आणि सोमवारी सकाळी वादळ येऊन धडकले. ज्यांच्याकडे गाडी नव्हती, त्यांना शहराबाहेर नेण्याची पुरेशी सोय कोणीच केलेली नव्हती. त्यांना एका बंदिस्त क्रीडागाराचे दार दाखविण्यात आले. शहराच्या शाळांच्या कित्येक बसगाड्या चालकांविना आपापल्या आवारात उभ्या होत्या. बांध फुटल्यावर त्या तेथेच पाण्यात बुडाल्या.

यात आणखी एक बाब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये अशी आहे. वादळ आले ते २९ तारखेला. पगार आणि सरकारी साहाय्याचे धनादेश बहुतांशी महिन्याच्या आरंभी मिळतात. हातावर पोट असलेल्या कुटुंबाचा हात महिन्याच्या याच आठवड्यात सर्वांत रिकामा असतो. ज्या घरात किराणा जेमतेम एक तारखेपर्यंत पुरणार, त्या घराने तीन दिवसांचा मोटेलचा खर्च कोठून करावा? तरीही वादळानंतर संघराज्य सरकारच्या आपत्ती-यंत्रणेच्या प्रमुखांनी मृत्यूंची बरीचशी जबाबदारी इशारा न मानणाऱ्यांवर टाकली. लुइझियाना राज्यातील मृतांचा अभ्यास झाला तेव्हा त्यांतील जवळजवळ निम्मे ७५ वर्षांवरील आढळले. या वृद्धांनी हट्टाने मरण पत्करले, असे म्हणायचे काय?

जुन्या रहिवाशांची तयारी निराळी होती. १९६५ च्या बेट्सी वादळात पाण्याने वर वर रेटलेली माणसे पोटमाळ्यावर अडकून मेली होती. तेव्हापासून अनेक घरांत पोटमाळ्यावर कुऱ्हाड ठेवण्याची रीत पडली, हेतू हा की प्रसंगी छप्पर फोडून बाहेर पडता यावे. सधनाची तयारी म्हणजे पेट्रोलने भरलेली टाकी आणि निर्धनाची तयारी म्हणजे कुऱ्हाड. एकाच शहराच्या दोन वर्गांचे इतके नेमके वर्णन दुसऱ्या कोणत्या आकडेवारीत सापडणार नाही.

शासनाला हे ठाऊक नव्हते असेही नाही. जुलै २००४ मध्ये 'पॅम' नावाचे काल्पनिक वादळ गृहीत धरून अधिकाऱ्यांनी सराव केला होता. फार मोठ्या संख्येने लोक मागे राहतील, हे त्यात मांडले गेले होते. सप्टेंबर २००४ मध्ये आयव्हन हे खरे वादळ आले. न्यू ऑर्लिन्समधील लाखो लोक तासन्‌तास रस्त्यांवर खोळंबले आणि वादळ शेवटी अलाबामाकडे वळले. हा निष्फळ प्रवास सुखवस्तू कुटुंबाला त्रासदायक वाटला असेल. गरीब कुटुंबाची मात्र त्यात तुटपुंजी शिल्लक संपली. पुढच्या इशाऱ्याच्या वेळी ते कुटुंब घरीच थांबले, तर त्याला बेफिकीर कसे म्हणावे?

तेच आयव्हन वादळ त्यापूर्वी क्यूबाच्या पश्चिम टोकाला चाटून गेले होते. त्या दरिद्री देशाने सुमारे २० लाख लोक हलविले आणि तेथे एकही माणूस दगावला नाही. १९६३ च्या फ्लोरा वादळात क्यूबात हजाराहून अधिक बळी पडले होते. त्यानंतर तेथे नागरी संरक्षणाची यंत्रणा उभी राहिली. आपल्या वस्तीत अंथरुणाला खिळलेले कोण, गरोदर स्त्रिया कोणत्या, एकटे वृद्ध कोठे राहतात, याची माहिती वस्तीतील कार्यकर्ते आणि डॉक्टर यांच्याकडे असते. बस आणि ट्रक शासन पाठविते. बहुतेक लोक शेजाऱ्यांच्या वा नातलगांच्या भक्कम घरांत जातात. दूरचित्रवाणी संच, शीतकपाट अशा चीजवस्तूही सुरक्षित जागी नेल्या जातात, कारण आयुष्याच्या कमाईवर पाणी सोडून माणूस सहसा निघत नाही. दरवर्षी मे महिन्यात देशभर दोन दिवस याचा सराव होतो.

यावर ठरलेला आक्षेप असा, की हुकूमशाहीतच माणसे अशी हलविता येतात. क्यूबात एकपक्षीय सत्ता आहे, वस्तीसमित्या पाळतही ठेवतात आणि २०२४ मध्ये तेथील वीजव्यवस्था देशभर कोलमडली, हे झाकण्याचे कारण नाही. लोकशाही समाजवाद्याला तो नमुना जसाच्या तसा नको आहे. परंतु वृद्धाच्या दारापर्यंत बस नेण्यासाठी हुकूमशहा लागत नाही. ओडिशात १९९९ च्या महावादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. त्याच ओडिशाने २०१३ मध्ये फायलिनच्या वेळी जवळजवळ दहा लाख लोक निवाऱ्यांत आणले आणि मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. न्यू ऑर्लिन्सनेही २००८ मध्ये गुस्ताव वादळाच्या वेळी ठरावीक थांब्यांवरून बस आणि रेल्वेने हजारो वाहनहीन नागरिक मोफत बाहेर काढले. शहर तेच होते, शासनपद्धतीही तीच होती. बदलली होती ती जबाबदारीची कल्पना.

ही कल्पना पक्की नसेल तर विज्ञानाची प्रगतीही अपुरी पडते. २९ ऑगस्ट २०२१ रोजी आलेले आयडा वादळ इतक्या वेगाने बळावले, की बांधांच्या आतील शहर सक्तीने रिकामे करण्यास वेळच उरला नाही. वीज कित्येक दिवस गेली आणि बांध टिकूनही उकाड्याने माणसे दगावली. तापलेल्या समुद्रावर अशी झपाट्याने बळावणारी वादळे वाढण्याची भीती शास्त्रज्ञ व्यक्त करतात. वेळ जितका थोडा, तितकी घरोघरीची ऐपत कमी कामाची आणि आधी उभारलेली सामुदायिक व्यवस्था अधिक मोलाची.

३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग वादळ धडकले, तेव्हापासून कोकणालाही हा प्रश्न परका उरलेला नाही. किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांनी पुढच्या वर्दीची वाट न पाहता आपल्या गावापुरते तीन प्रश्न विचारावेत. चालता न येणारी माणसे कोणत्या घरांत आहेत? त्यांना नेणारे वाहन कोणाचे आणि चालक कोण? आणि बुडालेल्या रोजाची भरपाई कोण देणार? या प्रश्नांची उत्तरे ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि तहसीलदाराच्या अंदाजपत्रकात लिहिलेली नसतील, तर इशारा देऊन शासनाने आपले कर्तव्य पार पाडले असे म्हणता येणार नाही. इशारा पाळण्याची ऐपत प्रत्येकाला मिळवून देणे, हेच ते कर्तव्य होय.