शस्त्राची शिस्त विमानापुरतीच काय?

दिंद्रुडच्या माणसास विमानात बसावयाचे तर आधी छत्रपती संभाजीनगर अथवा नांदेड गाठावे लागते. एखादा परवानाधारक पिस्तूल घेऊन निघाला, तर विमानतळाच्या दारात त्याचा सारा रुबाब उतरतो. परवाना दाखवून शस्त्र स्वतःहून जाहीर करावे लागते. ते रिकामे असावे लागते. आणि ते कमरेला न राहता बंदिस्त होऊन सामानाच्या कप्प्यात जाते. काडतुसे सुरक्षित वेष्टनात, स्वतःच्या वापरापुरती, वेष्टनासह 5 किलोंच्या आत. दोघांची काडतुसे एका खोक्यात घालण्याचीही मुभा नाही.

हा काही नोकरशाहीचा छंद नव्हे. डिसेंबर 1978 मध्ये पांडे आडनावाच्या दोघांनी इंदिरा गांधींच्या सुटकेसाठी लखनौहून निघालेले विमान पळविले, ते केवळ खेळण्यातल्या शस्त्रांच्या धाकावर. (1980 मध्ये त्यांनाच काँग्रेसची विधानसभेची उमेदवारी मिळाली, हा भाग निराळा!)

परंतु रोजचा धोका अपहरणाचा नाही, निष्काळजीपणाचा आहे. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज जीवघेणा आहे. नळीमागील कप्प्यात एक गोळी उरलेली असू शकते. म्हणून प्रथम मॅगझिन काढावयाचे, मग स्लाईड मागे ओढून तो कप्पा डोळ्यांनी तपासावयाचा, आणि तोवर नळी निर्धोक दिशेस, बोट चापापासून दूर ठेवावयाचे. हे न करणाऱ्या धनिकाची बॅग विमानाच्या पोटात ढकलतो कोण? बॅगेत काय आहे याची कल्पनाही नसलेला हमाल! पुणे विमानतळावर प्रवाशांच्या सामानात जिवंत काडतुसे सापडल्याच्या बातम्या वारंवार येतात आणि ‘चुकून राहिले’ हे नेहमीचे उत्तर मिळते. जाणीवपूर्वक बाळगणे आणि नकळत राहणे यांत न्यायालये भेद करतात, ते योग्यच आहे. मात्र गोळी कोठे ठेवली हे ज्यास आठवत नाही, त्याच्या हाती शस्त्र असावे काय, हे परवाना देणाऱ्यांनी ठरवावयास हवे.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न अधिकच बोचतो. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची 9 डिसेंबर 2024 रोजी हत्या झाली. ती बंदुकीने झाली नव्हती; तरी त्यानंतरच जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे उघड झाले आणि प्रशासनाने परवाने रद्द करण्यास आरंभ केला. दुष्काळी, ऊसतोड्यांच्या जिल्ह्यात एवढी शस्त्रे कोणाच्या संरक्षणार्थ? वरातीत हवेत गोळीबार करणाऱ्यास 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पण वरातीच्या तोंडाशी तपासणीचे यंत्र नसते, आणि एस.टी.त शेजारी बसलेल्याच्या कमरेला काय आहे हे वाहकही विचारीत नाही. विमानातील प्रवाशाचा जीव तेवढा मोलाचा, असा याचा अर्थ लावावयाचा काय?

2016 च्या शस्त्र नियमांत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची तरतूद आहे. दिंद्रुड पोलीस ठाण्याच्या हद्दीतील प्रत्येक परवानाधारकाचे प्रशिक्षण, शस्त्र ठेवण्याची जागा आणि वापरलेल्या काडतुसांचा हिशेब नूतनीकरणापूर्वी तपासावा, असा ठराव कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत मांडावा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पोहोच घेऊन द्यावी.