सरासरीचा भूगोल

सन २०२० च्या मार्च महिन्यांत साथीमुळें महाराष्ट्रांतील दहावीच्या परीक्षेचा भूगोलाचा पेपर पुढें ढकलण्यांत आला आणि एप्रिलांत तो कायमचा रद्द झाला. विद्यार्थ्यांस त्या विषयाचे गुण इतर विषयांतील गुणांच्या सरासरीनें देण्यांत आले. त्या प्रसंगीं दुसरा मार्ग नव्हता, हें आम्ही मान्य करतों; आमची तक्रार परीक्षा मंडळाच्या निर्णयाविषयीं नाहीं. तक्रार आहे ती तो निर्णय ऐकून सुशिक्षित घरांतून सुटलेल्या समाधानाच्या निःश्वासाविषयीं. गणिताचा पेपर असा बुडता तर पालकांनीं आकाशपाताळ एक केलें असतें; भूगोल बुडाला तेव्हां ‘एक ओझें उतरलें’ यापलीकडे फारसें कोणास कांहीं वाटलें नाहीं. सरासरीच्या आड काय दडलें आहे तें दाखविणें हेंच ज्या विषयाचें काम, त्याचेच गुण सरासरीनें वाटले जावेत, यांतील विसंगति देखील कोणास टोंचली नाहीं.

या अनास्थेचें खापर केवळ पालकांच्या माथीं फोडणें अन्यायाचें होईल. आपण भूगोल ज्या रीतीनें शिकवितों ती रीतच त्याच्या मुळावर आली आहे. आरंभींच शाखांचा तक्ता पुढें येतो. प्राकृतिक भूगोल आणि मानवी भूगोल हे दोन मोठे फांटे. पहिल्याखालीं भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र, जलशास्त्र, मृदाभूगोल, जीवभूगोल. दुसऱ्याखालीं लोकसंख्या, वसाहती, आर्थिक, राजकीय व सांस्कृतिक भूगोल. प्रत्येकीची एका ओळीची व्याख्या, आणि मग ‘फरक स्पष्ट करा’ हा ठरलेला प्रश्न! तक्ता खोटा नाहीं. परंतु मुलांस तो वाड्यांतील खोल्यांसारखा वाटूं लागतो: एकींतून निघावें, दार लावून घ्यावें आणि दुसरींत शिरावें. वास्तविक या शाखा म्हणजे एकाच स्थळास विचारावयाचे निरनिराळे प्रश्न होत. ते एकत्र विचारले नाहींत तर एकाचेंहि उत्तर पुरें मिळत नाहीं.

लातूरचेंच उदाहरण घ्यावें. एप्रिल २०१६ मध्यें त्या शहरास सुमारें ३४० किलोमीटरांवरील मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यांतील पाणी रुळांवरून गोदावरीच्या खोऱ्यांत गेलें. त्यापूर्वींच शहरांत पाणी भरण्याच्या जागीं जमावबंदी लागू झाली होती. असें कां झालें? ‘पाऊस पडला नाहीं’ हें उत्तर हवामानशास्त्राचें, आणि तें खरेंहि आहे. २०१४ व २०१५ हीं लागोपाठ दोन वर्षें अवर्षणाचीं गेलीं. परंतु लातूरचा सरासरी पाऊस कांहीं वाळवंटाचा नव्हे. तो वर्षास सुमारें ७०० ते ८०० मिलिमीटर आहे. तेव्हां पुढचा प्रश्न जलशास्त्रास विचारावा लागतो. तें सांगतें कीं, तेथील काळा कातळ जेथें भेगाळलेला वा झिजलेला आहे तेथेंच काय तें पाणी धरतो; विंधनविहीर अधिक खोल नेली म्हणून नवें पाणी उत्पन्न होत नाहीं. मृदाभूगोल सांगतो कीं, काळी माती ओल धरते आणि ज्वारी, तूर, हरभरा यांस ती मानवते. मग त्याच मातींत वर्षभर पाणी पिणारा ऊंस कां उभा राहिला? येथें प्राकृतिक भूगोल गप्प होतो आणि आर्थिक भूगोल बोलूं लागतो: उंसास कारखान्याचें गिऱ्हाईक व बांधलेला भाव आहे, तशी शाश्वति ज्वारीस नाहीं. शहर किती वाढलें, हें वसाहतींचा भूगोल सांगेल. मांजरा धरणाच्या पाण्यावर प्रथम हक्क कोणाचा, हें राजकीय भूगोलास विचारावें लागेल. ज्या शहराच्या नांवानें परीक्षेंतील यशाचा ‘पॅटर्न’ राज्यभर गाजला, त्यास तहान लागली तेव्हां यांपैकीं एकहि उत्तर एकटें पुरेसें पडलें नाहीं.

यावर दोन आक्षेप हटकून येतात. पहिला असा कीं, भूगोल म्हणजे माहिती, आणि ती आतां प्रत्येकाच्या हातांतील फोनवर आहे. नद्यांचीं व राजधान्यांचीं नांवें घोकून घेण्याविरुद्ध हा आक्षेप बिनतोड आहे. भूगोलाविरुद्ध मात्र तो लंगडा पडतो. १८५४ सालीं लंडनच्या सोहो भागांत पटकीनें पांचशेंहून अधिक माणसें दगावलीं. त्या मृत्यूंची नोंद सरकारी दप्तरांत होतच होती. माहितीचा तोटा नव्हता. जॉन स्नो या डॉक्टरानें घरोघर चौकशी केली, मृत्यूंची जागा नकाशावर मांडली, आणि ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाभोवतीं पडलेला त्यांचा गराडा लोकांस दिसला. ‘किती मेले’ याबरोबर ‘कोठें मेले’ हें विचारणें, हाच भूगोल. आणि आमच्याकडे भूगोलाचा पेपर रद्द झाला तो साथीमुळेंच!

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक शाखेचे तज्ज्ञ वेगळे असतां सर्वांस सर्व शिकविण्याचा अट्टाहास कशास? तज्ज्ञ हवेतच. परंतु भूजलाचा तज्ज्ञ उंसाच्या भावावर बोलत नाहीं, आणि भाव ठरविणारा कातळाकडे पाहत नाहीं. दोघांचीं उत्तरें शेजारीं शेजारीं ठेवून तीं एकमेकांस छेद देतात कीं काय, हें पाहणारा कोणी तरी लागतो. आणि लोकशाहींत तो ‘कोणी तरी’ म्हणजे मत देणारा सामान्य नागरिक होय. त्यास ही दृष्टि शाळेंत मिळाली नाहीं तर पुढें ती कोण देणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. शाखांच्या व्याख्या पाठ करून घेण्याऐवजीं प्रत्येक विद्यार्थ्यास आपल्या तालुक्याविषयीं एक प्रश्न सोडवावयास द्यावा: आपल्या नळास पाणी कोठून येतें, वाटेंत त्यावर कोणाकोणाचा हक्क आहे, आणि वापरलेलें पाणी कोठें जातें? हें उत्तर शोधतांना त्यास जवळजवळ प्रत्येक शाखेचें दार ठोठावावें लागेल. पालकांनींहि तेंच उत्तर आधीं स्वतः देऊन पाहावें, आणि मगच भूगोल हा ओझ्याचा विषय आहे कीं काय, तें ठरवावें.