सवय होईल, म्हणे!

'गिऱ्हाईक हा राजा' अशा पाट्या दुकानांतून आपण वाचतो. पण वस्तू घडविताना या राजाला कोणी विचारते का? चकाकी आणि टिकाऊपणा एवढ्यावर माणूस संतुष्ट होतो, असा पुष्कळांचा समज दिसतो. मला तो मान्य नाही. वस्तू वापरणाऱ्याच्या जगण्यात सामावली, तरच तिच्यापासून समाधान लाभते.

जयपूरच्या कृत्रिम पायाचेच उदाहरण घ्या. पाश्चात्त्य धर्तीचा पाय त्यापूर्वीही मिळत असे. तो शास्त्रशुद्ध होता, मजबूत होता. पण त्याचा घोटा ताठ असे आणि त्यावर बूट चढवावा लागे. खुर्चीवर बसणाऱ्याचे त्यावाचून अडत नव्हते. आपला शेतकरी मात्र चिखलात अनवाणी उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, देवळाच्या पायरीशी वहाणा काढतो. मग तो महागाचा पाय कोपऱ्यात पडे आणि माणूस पुन्हा कुबड्या घेई. हा दोष माणसाच्या अडाणीपणाचा, की पायाच्या घडणीचा?

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडणीचा मानला. १९६८ च्या सुमारास त्यांनी रबर व लाकूड यांपासून नवा पाय सिद्ध केला. तो घोट्यात वळतो, पाण्याला भीत नाही, बूट मागत नाही आणि दिसतोही खऱ्या पावलासारखा. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला; शर्मांचे नाव मात्र आजही फारसे कोणाच्या ओठी नाही, याची खंत वाटते. वस्तूला आकार देणारा हात आपण इतक्या सहज का विसरतो?

कोणी म्हणेल, हा पाय स्वस्त म्हणूनच चालला. किमतीचे महत्त्व मी नाकारीत नाही. पण फुकट मिळालेले जोडेही चावू लागले, तर आपण ते किती दिवस घालतो?

'सवय होईल हळूहळू', असे घडविणारा म्हणतो. माझ्या मते ही केवळ पळवाट आहे. सवय म्हणजे समाधान नव्हे. ती पुष्कळदा निरुपायाने आलेली असते. उद्या आपल्यापैकी कोणी शाळेसाठी बाके घेईल, कोणी कचेरीचे अर्ज आखील, कोणी दवाखान्याच्या पायऱ्या बांधवील. त्यावेळी त्या बाकावर बसणाऱ्या पोराला, तो अर्ज भरणाऱ्या म्हातारीला आणि त्या पायऱ्या चढणाऱ्या रोग्याला आधी विचारावे. एवढे केले, तरी आपले शिक्षण कारणी लागले असे मी म्हणेन.