साभार परत आले तर?



गेल्या आठवड्यात चिपळूणच्या एका भगिनीचे पत्र आले. लिहितात, ‘ताई, गेल्या वर्षात तीन कथा पाठवल्या. तिन्ही साभार परत. आमचे हे म्हणतात, कागदाची नासाडी आता पुरे. तुम्हीच सांगा, लिहिणे सोडून देऊ का?’

पत्र वाचून थोडे हसू आले आणि गलबललेही. कारण असली पाकिटे आमच्या रत्नागिरीच्या घरीही पुष्कळ आली आहेत. पोस्टमनच्या हातात जाड पाकीट दिसले की छातीत धस्स होई. पाकीट जाड, म्हणजे आपलेच बाड परत!

लिहिणे मुळीच सोडू नका. पण बाई, एक विचारते, रागावू नका. ही कथा तुम्ही कितव्यांदा लिहून पाठवलीत? पत्रातच तुम्ही म्हणता, ‘एका बैठकीत लिहून काढली.’ घोडे अडले आहे ते इथेच.

उकडीचा मोदक पहिल्याच चतुर्थीला कुणाला साधला आहे? माझे पहिले मोदक तर उकडताना असे फुटले की सारण पाण्यात आणि पारी तेवढी हातात! फुटलेले मोदक आपण नैवेद्याच्या ताटात ठेवत नाही, घरातच संपवतो. पण ते फुटले म्हणूनच उकड किती मळायची, पारी किती पातळ करायची ते बोटांना कळते. लिहिण्याचेही तसेच आहे. फक्त लिहिताना आपण पहिलाच घाणा नैवेद्याला नेतो.

आमच्या गावात टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मघर आहे. पाहुणे आले की आम्ही हौसेने दाखवायला नेतो. त्यांच्या ‘गीतारहस्या’ची हकिगत मोठी ऐकण्यासारखी आहे. १८७२ साली वडील मृत्युशय्येवर असताना त्यांना गीता वाचून दाखवण्याचे काम या मुलाकडे आले. वय सोळावे. तेव्हा मनात आलेल्या विचारांचा त्यांनी पुढे वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, त्यावर व्याख्याने दिली. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने खर्डा लिहिला आणि नंतरही सुचेल तशी त्यात दुरुस्ती केली. पुस्तक छापून आले १९१५ साली. म्हणजे पहिल्या विचारापासून त्रेचाळीस वर्षे!

१९१४ साली त्यांची सुटका झाली, तेव्हा या वह्या सरकारने लगेच परत दिल्या नाहीत. लोकांना काळजी वाटू लागली. पण लोकमान्य निर्धास्त होते म्हणतात. वह्या त्यांच्याकडे असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढीन, असे त्यांचे म्हणणे. ज्या मजकुरावर हात इतका फिरला आहे, तो कागद गेला म्हणून जात नाही.

तुम्ही म्हणाल, त्यांचे ठीक आहे, ते लोकमान्य! आम्हाला सकाळचा डबा आणि संध्याकाळचा कुकर सुटतो का? मग लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहा. जन्म १८६८ चा. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’चा पहिला भाग १९३४ साली आला, तेव्हा त्या पासष्टीच्या पुढे होत्या. त्याआधी कविता केल्या होत्या, रेव्हरंड टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले होते. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला नेहमी वाटते, यातल्या गोष्टी कागदावर येण्याआधी घरात, माणसांत कितीदा तरी सांगून झाल्या असाव्यात. तोंडाने सांगणे हाही एक खर्डाच की! सांगताना ऐकणाऱ्याचा चेहरा दिसतो. तो कुठे कंटाळला, कुठे हसला, ते कळते.

आता माझे सांगते. आई गेली, त्याला चाळीस वर्षे होत आली. तिच्यावर लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात ‘वात्सल्याचा सागर’, ‘मायेची सावली’, सारे काही होते. फक्त आई नव्हती. परत आला. दुसऱ्यांदा शब्द आणखी सजवले. तोही परत. तिसरा तर मीच न्हाणीच्या चुलीत घातला.

चौथ्यांदा लिहायला बसले, तेव्हा जुने काही समोर नव्हते. आणि इतके दिवस टाळलेली गोष्ट हातून उतरली. लांज्याच्या बाजूचे माझे माहेर. मे महिन्याच्या अखेरीस तिकडून निरोप आला होता, ‘आईला बरे नाही, येऊन जा.’ अंगणात आंब्याची साटं वाळत होती. पाऊस तोंडावर आलेला. टाकून गेले तर वर्षाची बेगमी जाणार. मी दोन दिवस थांबले. साटं वाळवून, डब्यात भरून मगच एसटीत बसले. आई बोलत होती, पण आवाज खोल गेला होता. मला पाहून म्हणाली, ‘आवरली का गं तुझी साटं?’ त्यात रागाचा लवलेश नव्हता. चौथ्या दिवशी ती गेली.

हे मी पहिल्या तीन खर्ड्यांत का लिहिले नाही? लाज वाटत होती म्हणून. साजरे शब्द मी त्यावर पांघरूण घालण्यासाठी आणले होते. ते लिहून, टाकून संपले, तेव्हा खरे ते उरले. पाचव्यांदा नीट उतरवून पाठवले आणि तो लेख छापून आला. खूप बायकांची पत्रे आली. जवळजवळ प्रत्येकीकडे असे दोन दिवस होते.

तेव्हा एवढे करून पाहा.

वहीच्या उजव्या पानावरच लिहा, डावे पान दुरुस्तीला मोकळे ठेवा.

लिहून झाले की वही आठ दिवस कपाटात. लोणचे घातले त्याच दिवशी आपण पानात वाढत नाही.

मग दुपारी घरात कुणी नसताना मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल तिथे खूण करा.

पहिला परिच्छेद झाकून वाचा. तरीही गोष्ट कळत असेल, तर तो काढून टाका. बहुधा कळतेच!

नंतर वही मिटून सारे नव्याने लिहा. जुन्यावरून नक्कल नको. आठवेल ते कामाचे, आठवणार नाही ते बहुतेक फापटपसारा.

आणि खोडलेले कागद फाडू नका, तारीख घालून ठेवा. मी चुलीत घातला तो खर्डा आज हवा होता, कुठे लपले होते ते पाहायला. हल्ली पुष्कळजणी फोनवर लिहितात. सोयीचे आहे, पण पुसले की मागमूसही राहत नाही. म्हणून पहिला खर्डा तरी वहीत लिहा.

चिपळूणच्या बाई, परत आलेल्या तीन कथांपैकी मनाला सर्वांत जवळची एक निवडा आणि पहिली प्रत बाजूला ठेवून पुन्हा लिहा. जी गोष्ट लिहायची टाळलीत, ती यावेळी येऊ द्या. आणि तुमच्या ‘ह्यां’ना सांगा, गणपतीला फुटलेले मोदक कुणी मोजत नाही.

पुन्हा परत आली तर मला कळवा. छापून आली तर पेढे पाठवा!